कराडच्या प्लॉटमधली सारवलेली जमीन

"खड्डा बघायला कराडला जाणार? लोणंदच्या रस्त्यांवर काय कमी आहेत का?" आमच्या ह्यांनी बिल करता करता विचारलं आणि समोरचं गिऱ्हाईक खोकला विसरून हसलं. आमचं लोणंदला औषधांचं दुकान आहे. तिथं आठवड्याचे सातही दिवस आम्ही दोघं समोरासमोर असतो, त्यामुळे मी दोन दिवस बाहेर चालले या बातमीनं त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मी काही विचारलं नाही.

झालं असं की मृणालचा फोन आला. मृणाल म्हणजे माझ्या सांगलीच्या मावशीची मुलगी. ती उत्खनन करते. लहानपणी ती परड्यातली माती उकरून फुटक्या बरण्या गोळा करायची आणि मावशीच्या शिव्या खायची. आता त्याच कामाचा पगार घेते, म्हणून मावशी गप्प असते. कराडच्या जुन्या गावठाणात एका घराच्या जागेत तिला फार जुनी वस्ती सापडली होती. "ताई, रविवारपर्यंतच आहे. सोमवारी मालक बांधकाम सुरू करणार. नंतर हे कुणालाच दिसणार नाही," ती म्हणाली. नंतर कधीच दिसणार नाही म्हटलं की माझा पाय निघतोच. शनिवारी सकाळी मी स्टेशनवर होते.

लोणंदहून कराडला जायला रस्ता आहेच. खंडाळ्याकडून हायवेला लागलं की सरळ. पण मी रेल्वे सुचवेन. एसटीपेक्षा स्वस्त पडते आणि खिडकीतून दिसतंही जास्त. सालपे, आदर्कीच्या घाटात गाडी वळणं घेत चढते, मध्ये बोगदे लागतात. तोवर दोन्हीकडे माळ आणि मेंढरं. सातारा मागं पडला की हळूहळू ऊस सुरू होतो आणि मग दुसरं काही दिसतच नाही. हंगाम चालू होता. प्रत्येक फाटकापाशी ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस उभा, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास. कुणाला तो आवडत नाही, मला आवडतो.

एक गोष्ट आधीच सांगते. कराडचं स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. उतरल्यावर रिक्षा करावी लागते. एकट्यानं केली तर भाडं अंगावर येतं, म्हणून इतर प्रवाशांबरोबर वाटून करावी. कृष्णेच्या पुलावर आमची रिक्षा उसाच्या ट्रॉलीमागं अडकली. रिक्षावाल्यानं शांतपणे हात लांब करून एक कांडं ओढलं, मोडलं आणि अर्धं मला दिलं. म्हणाला, "घ्या ताई, वेळ जातोय तवर."

मृणालची जागा गावठाणातल्या एका अरुंद बोळात, नदीच्या वरच्या उंचवट्यावर. बाहेरून पत्र्याचं कुंपण. आत गेल्यावर चौकोनी, पुरुषभर खोल खड्डा, उतरायला लाकडी शिडी, खाली खुरप्यांनी आणि ब्रशांनी माती काढणारी चार-पाच मुलंमुली. ते त्याला ट्रेंच म्हणतात. जागेचे मालक सुभेदारकाका खुर्ची टाकून वर बसलेले होते. सैन्यातून निवृत्त झालेत, जवळच्या गावात ऊस आहे, मुलगा आता सैन्यात सीमेवर. नातवंडांच्या शाळेसाठी कराडात घर हवं म्हणून त्यांनी इथली पडकी खोली पाडून पाया खणायला घेतला, तर हातभर लांबीच्या विटा निघायला लागल्या. दुसऱ्या कुणी त्या गुपचूप ट्रॅक्टरमध्ये भरून टाकल्या असत्या. काकांनी काम थांबवलं आणि कॉलेजात कळवलं.

"आमीबी मोर्चे लय खणले," काका मला म्हणाले. "पर त्यात आमी आत जाऊन लपायचो. ह्यांच्या मोर्च्यातनं लपलेली माणसं भाईर येत्यात."

मृणालनं मला शिडीवरून खाली नेलं. (पायात सपाट चप्पल घाला, आणि साडी नकोच.) भिंतीसारखी कापलेली माती तिनं वरून खाली दाखवली. सगळ्यात वर कालपरवाच्या घराचा राडारोडा. खाली रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. त्याखाली कौलं, राख, पुन्हा माती. आणि तळाशी, आमच्या पायांच्या थोडं पुढं, सातवाहनांच्या काळातलं घर. घर म्हणजे काय, तर त्या मोठ्या विटांच्या भिंतीचे तीन थर, चोपून केलेली मातीची जमीन आणि तिच्यात काळी पडलेली अर्धी चूल. कराडला तेव्हा करहाकट म्हणायचे; इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख पार लांबच्या स्तूपांवर कोरलेले आहेत, हे मृणालनं सांगितलं. मी मान डोलावली, पण माझं लक्ष चुलीकडं होतं. इतिहासाचं पुस्तक मी शाळेत जेमतेम उघडलं असेल. चूल मात्र मला लगेच ओळखू आली.

"अर्धीच का?" मी विचारलं.

मृणालनं कोपऱ्याकडे बोट केलं. सगळा खड्डा खणलेला, पण ईशान्येच्या कोपऱ्यात मातीचा एक चौकोनी खांब तसाच उभा सोडलेला होता. वर हळदकुंकू आणि सुकलेली झेंडूची फुलं. काम सुरू करताना पायाभरणीची पूजा झाली होती आणि त्या कोपऱ्यात कलश पुरला होता. सुभेदारांचा मुलगा दहा दिवसांच्या सुट्टीवर आला होता, त्यानं आणि सुनेनं बसून तो ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत ड्यूटीवर गेला. काकांच्या बायकोनं, म्हणजे हौसाकाकींनी, मृणालला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: सगळं खणा, तेवढं सोडून. मृणालनं शब्द दिला होता. चुलीचा बाकीचा अर्धा भाग त्या खांबाखाली होता.

"मागून बघ ना परत," मी म्हणाले.

"नाही. मला उद्या ह्या अर्ध्या भागातून माती घेता आली तरी पुष्कळ झालं. सहा वर्षं अशी जमीन शोधतेय मी, ताई. जिथं जिथं सापडली तिथं वरून आधीच कुणीतरी पाईप घातलेला होता."

संध्याकाळी ती तिच्या नोंदींना बसली आणि मी एकटीच आगाशिवच्या डोंगरावर जाऊन आले. पायऱ्या दम काढतात, ऊन उतरल्यावर चढा. वर कोरलेली लेणी आहेत, आणि तिथून खाली कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात ते दिसतं. लेणी ज्यांनी खोदवली त्यांतलं कुणी खालच्या त्या घरात राहत असेल का, असं मनात आलं. रात्री सगळ्या टीमबरोबर हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. या भागात येऊन तो न खाता जाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लॉज एसटी स्टँडजवळचा, स्वच्छ, गरम पाणी सकाळीच येतं आणि लगेच जातं.

रविवारी मला लवकर जाग आली, म्हणून मृणालच्या आधीच मी जागेवर पोचले. कुंपणाचं दार उघडं होतं. आत डोकावले आणि खरं सांगते, मन भरून आलं. खालची ती जमीन शेणानं सुरेख सारवलेली होती. हाताचे अर्धगोल अगदी एकासारखे एक. चुलीभोवती पांढऱ्या रांगोळीची रेघ. खड्ड्यात हिरवट ओल आणि तो सकाळचा वास. मला वाटलं शेवटचा दिवस, लोक बघायला येणार, म्हणून मृणालनंच हे करवून घेतलं असेल. मी चार फोटो काढले. हौसाकाकी बादली विसळत होत्या. त्यांना म्हणाले, "काय छान दिसतंय हो."

"मग," त्या खुशीत म्हणाल्या. "म्हशीचं ताजं शेण आणलं गावाकडनं."

तेवढ्यात मृणाल आली. शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबली.

"हे कुणी केलं?"

"मीच की. ते वर झाकल्यालं पलाश्टिक उचलून बघितलं तर जमीन सगळी भेगा पडून उलून गेल्याली. आज माणसं येणार बघाया, त्यास्नी असं कसं दावायचं? लय दिवस सारवली नव्हती गं ती."

मृणाल खाली उतरली. पालथ्या घमेल्यावर जाऊन बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. मग तिनं सांगितलं. आज त्या जमिनीचा एक छोटा तुकडा कापून घ्यायचा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पदर दिसतात, कागदासारखे पातळ, एकावर एक. चुलीभोवतीच्या राखेत जळके दाणे मिळतात. आता पाणी घालून कालवलेलं शेण त्या सगळ्यात मुरलं होतं, आणि म्हशीनं खाल्लेल्या उसाच्या वाड्याचे, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचे, तंतू त्यात होते. त्यातून जे निघेल त्यातलं तेव्हाचं किती आणि परवाचं किती, हे कुणी सांगू शकणार नव्हतं.

"पदर कसलं?" काकींनी विचारलं.

"सारवणाचे. त्या घरातली बाई किती वेळा सारवायची, ते त्यातून कळतं."

काकी बादली धरून उभ्या राहिल्या. "म्हंजे तीबी सारवत हुती."

"हो. तेच बघायचं होतं."

सुभेदारकाका आले आणि त्यांना सगळं कळल्यावर आवाज चढला. "आगं, कुणाला इचारायचं तरी हुतंस."

"माझ्या घरात सारवायला कुणाला इचारू?" काकी म्हणाल्या. त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरोखरच तसा कुणी माणूस सुचत नव्हता.

काकांची नजर ईशान्येच्या खांबाकडे गेली. माझीही गेली. न सारवलेली जमीन आता तेवढीच, त्या मातीखाली होती. काकींनी ते बघितलं.

"तिकडं बघू नगा," त्या म्हणाल्या. "पोरगं बार्डरवर हाय. त्याच्या हातचं हाय ते. मी न्हाई हलवू द्यायची." आणि बादली तिथंच ठेवून समोरच्या भाड्याच्या खोलीत निघून गेल्या.

मी मृणालला म्हणाले की तू एकदा जाऊन बोल, बाई वाईट नाही. ती म्हणाली, "ताई, मी शब्द दिलाय, आणि त्यांनी चांगल्या मनानं केलं. आता मी गेले तर ते मागणं नाही, वसुली होईल." मला तिचा राग आला. इतकं शहाणं असू नये माणसानं. पण मी तिची मोठी बहीण असून मलाही दुसरं काही सुचेना, म्हणून मी मुलांना सांगलीचं भडंग वाटत बसले. मावशीनं पाठवलेल्या डब्यातलं होतं ते.

माणसं येऊ लागली. बोळातल्या बायका, कॉलेजची मुलं, एक जोडपं खास वडूजहून. सगळ्यांना सारवलेली जमीन फार आवडली. प्रत्येक जण तेवढ्याचाच फोटो काढत होता, आणि मृणाल प्रत्येकाला न चिडता विटा दाखवत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकी परत आल्या. डोक्यावरून आंघोळ केलेली, धुतलं पातळ, हातात सूपभर तांदूळ. कुणाशी न बोलता शिडी उतरल्या. खांबासमोर बसून हळदकुंकू आणि तांदूळ वाहिले, काहीतरी पुटपुटल्या. मग मृणालला म्हणाल्या, "वरची माती तू काढ. कलश मी काढते. त्या बाईची चूल मी बिघडावली, आता माझं मलाच निस्तराया पायजे."

"काकी, नक्की का?"

"इचारू नगंस. इचारलंस तर न्हाई म्हणीन."

माती काढली तसा तांब्याचा कलश दिसला. काकींनी दोन्ही हातांनी हलवून सैल केला आणि उचलला. पूजेतली सात धान्यं, चांदीचा नाग आणि वरून ठासलेली ओली माती, सगळं त्यात होतं. मी खाली ठेवायला पाट पुढं केला तर त्यांनी मान हलवली. जमिनीत बसवलेला कलश परत जमिनीत जाईपर्यंत कुठंही टेकवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. असं काही शास्त्रात आहे का, मला माहीत नाही. काकांनी भटजींना विचारायला मोबाईल काढला, तर काकींनी हातानंच नको म्हटलं. दिवेलागणीच्या आत परत ठेवायचा, एवढं त्यांनी मृणालला बजावलं. मग खड्ड्याच्या काठावर सावलीत मांडी घालून बसल्या, कलश मांडीवर.

सगळी दुपार त्या तशा बसल्या. खाली मुलं खांबाची माती थराथरानं उतरवत होती. काकी नुसत्या बघत होत्या. चहासुद्धा मी बशीतून पाजला. मध्ये मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन धरला आणि काकींनी तो असा धरायला लावला की फक्त चेहरा दिसेल.

"आये, काय करतीस?"

"बसलीया निवांत. तू जेवलास? थंडी लय हाय का रं तिकडं?"

"न्हाई, एवढी न्हाई."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "सांगितलं नाहीत?"

"त्यो तरी कुठं समदं सांगतोय मला," त्या म्हणाल्या आणि पदरानं कलशावरची माती पुसत राहिल्या.

थोड्या वेळानं त्यांना पाणी प्यायला, पाय मोकळे करायला उठायचं होतं. काकांकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे. कलश माझ्या मांडीवर आला. मी देवाधर्माचं फारसं करणारी नव्हे, दुकान उघडताना एक उदबत्ती लावते तेवढंच. पण ज्याचा मी चेहरासुद्धा नीट पाहिला नव्हता त्या पोराचं नाव मनात घेऊन मी दोन्ही हात आवळून बसले, आणि काकी परत येईपर्यंत शिंकायलाही घाबरले.

ऊन कलायला लागलं तेव्हा खालून मृणालनं हाक मारली. चुलीचा राहिलेला अर्धा भाग पुरा उघडा झाला होता. तोंडाशी एक फुटकं मडकं कलतं बसलेलं, आणि भोवती राख, तिच्यात काळे बारीक दाणे. मृणालनं जमिनीचा तुकडा कापला, कापडात आणि प्लास्टरमध्ये बांधला, राख पिशव्यांत भरली. मग वर येऊन काकींसमोर बसली आणि तळहातावर एक दाणा धरला.

"काय रांधलं हुतं?" काकींनी विचारलं.

"तपासल्यावर कळेल."

"मला सांग मग. ध्यानात ठीव."

"पहिलं तुम्हालाच सांगेन."

उघडा तळ पुन्हा झाकायला वाळू पसरण्याआधी मृणालनं खिशातून एक नवं कोरं नाणं काढून चुलीशेजारी ठेवलं. काकींनी विचारलं हे कशापायी. मृणाल म्हणाली, आमच्याकडं पद्धत आहे, पुढं कधी कुणी इथं खणलं तर त्याला कळावं की आपल्याआधी कुणीतरी येऊन बघून गेलंय. काकी जरा विचार करून म्हणाल्या, "व्हय, ठीव की. बरं असतंय." मग वाळू पडली, कोपरा कलशाच्या उंचीपर्यंत भरला, आणि काकींनी खाली उतरून कलश होता तिथं बसवला. त्यांना वर यायला दोघांनी हात द्यावा लागला, पायांना मुंग्या आल्या होत्या. बोळात दिवे लागत होते.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा सळ्यांची गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. मृणाल खोके बांधत होती. मला मिठी मारून म्हणाली, "सांगलीला आईला फोन करून सांग, ह्या वेळी पाईप नव्हता." परतीच्या गाडीत जागा मिळाली, वाठारपर्यंत झोपले.

तुम्ही विचाराल, आता जाऊन तिथं काय बघायचं? काही नाही. तिथं घर उभं राहतंय. आगाशिव बघा, संगम बघा, मसूर खा. पण जुन्या गावात कुठं पत्र्याचं कुंपण दिसलं आणि आत कुणी ब्रश घेऊन बसलेलं असलं, तर विचारून आत जा आणि कुणाला न विचारता कशाला हात लावू नका. एवढाच माझा सल्ला. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, खड्डा कसा होता? मी फोटो दाखवले. सारवलेली जमीन बघून तेही म्हणाले, किती छान. मी त्यांना पुढचं सांगायला बसले आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

काही आठवड्यांनी दुकानात हौसाकाकींचा फोन आला. दाण्यांचा अहवाल अजून यायचा होता, मृणालला आठवण कर म्हणाल्या. घराचा पहिला स्लॅब पडला. मुलगा सुट्टीवर आला होता.

"समदं सांगितलं मी त्याला," त्या म्हणाल्या. "कलश काढल्यालं, माघारी ठेवल्यालं."

"रागावला का?"

"न्हाई. त्या कोपऱ्यात जाऊन उभा ऱ्हायला थोडा येळ. मग आला न् म्हणला, आये, लय जड हुता का गं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाई म्हणलं."

मी तो थोडाच वेळ धरला होता. चांगलाच जड होता.